शेवटच्या कडव्यातलं नाव

गायन पार्टीवाल्यांचा सत्कार करायचा असं ठरलं तेव्हा मुंबईत नायगावच्या आमच्या इमारतीतल्या ८० खोल्यांपैकी ३४ खोल्यांना कुलूप लागलेलं होतं. पुनर्विकासाची यादी लागली की चाळ कशी रिकामी होते हे नायगावकराला सांगायला नको. आधी कोपऱ्यातल्या खोलीतला फ्रिज जिन्यावरून उतरतो, मग एका रविवारी तीन टेम्पो येतात, आणि एक दिवस मधल्या पॅसेजमध्ये आपल्याच चपलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून बीडीडीच्या, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, २०७ चाळी होत्या, त्यातल्या नायगावात ४२. १९२०च्या दशकातलं बांधकाम, तळमजला आणि वर तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली. तिच्यात आठ-आठ माणसं राहिली आणि शिवाय पेटी, ढोलक, झांजाही राहिल्या.

जयंती मंडळाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "उद्या सगळे पाचशे फुटांत गेले की कोण कुणाला ओळखणार? आपल्या गायन पार्टीवाल्यांचा सत्कार आत्ताच करून टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, मी चिटणीस. 'करून टाकू' हे क्रियापद तेव्हा कुणाला खटकलं नाही. पुढचा निम्मा घोटाळा त्यातच होता.

हे सगळं लिहून ठेवतोय कारण त्यानंतर आसपासच्या दोन मंडळांनी मला विचारलं, "तुम्ही नावं कशी ठरवलीत?" तोंडी सांगायला गेलो की दरवेळी मी आमच्या चुका गाळतो, असं माझ्याच लक्षात आलं. म्हणून कागदावर.

गायन पार्टी म्हणजे काय ते आधी सांगतो, नव्या पोरांना ऑर्केस्ट्रा आणि डीजे एवढंच ठाऊक आहे. पुढे पेटीवर मुख्य गायक. त्याच्या उजव्या हाताला ढोलक, डाव्या हाताला बेंजो. हा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा, तारांचा, पुढे पिकअप लावून करकरीत केलेला. मागे कोरस, दोघं किंवा तिघं, बहुतेक वेळा त्यात एक-दोन बाया. धृपद उचलायचं, गायकाला श्वास घ्यायला सवड द्यायची आणि लोक कंटाळले की टाळी वाढवायची, हे कोरसचं काम. जयंतीला, धम्मदीक्षेच्या दिवशी, लग्नाच्या आदल्या रात्री, नामकरणाला सुपारी यायची. दोन पार्ट्यांचा सामना लागला की रात्रभर सवाल-जवाब चालायचे आणि पहिली लोकल पकडून लोक थेट गिरणीच्या पाळीला जायचे.

ही परंपरा नायगावला नवी नाही. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी हा रस्ता पाडला. आपल्या दहा सभांच्या तोलाचा एक जलसा बाबासाहेबांनी मानला, हे तर वस्तीत लहान पोरही सांगतं. वामनदादा कर्डक सिन्नरजवळच्या देशवंडीचे, जन्म १९२२चा. मुंबईत मोलमजुरी करता करता मोठेपणी अक्षरं शिकले आणि उभ्या महाराष्ट्राला गाणी देऊन २००४ साली गेले. शाहीर विठ्ठल उमप तर नायगावचेच, जन्म १९३१चा. २०१० साली नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच ते कोसळले. ही नावं जगाला ठाऊक आहेत. आमच्या चाळीतली कुणालाही ठाऊक नाहीत, आणि इथेही मी ती देणार नाही, कारण त्यांतली बरीच माणसं हयात आहेत आणि मी लिहितोय हे सगळ्यांना विचारून लिहितोय असं नाही. त्यांना चाळीत ज्या नावाने हाक मारतात त्यानेच लिहितो: दादा, मास्तर, आक्का.

पहिली यादी, पहिला कार्यक्रम

यादी तासाभरात झाली. ज्याला जो आठवला तो घातला. दादा सगळ्यांत वर, कारण १९८०च्या दशकात त्यांच्या दोन कॅसेटी निघाल्या होत्या आणि अजूनही जयंतीला स्पीकरवर वाजतात. मग इतर गायक. मग 'सहकलाकार' म्हणून ढोलक, बेंजो. मग वर्गणी जास्त देणारे दोन जण, यांचा गाण्याशी संबंध एवढाच की एकाच्या खोलीत तालीम व्हायची. आकडा ३८वर गेला. शाल, नारळ, ट्रॉफी आणि एक सन्मानपत्र. सन्मानपत्राचा मजकूर मी लिहिला: 'आपण कलेची अविरत सेवा करून समाजप्रबोधनाचे महान कार्य केले आहे.' सगळ्यांना एकच, फक्त नाव बदलायचं. छपाईवाल्याने तसंच केलं, ८०० रुपये वाचले.

कार्यक्रम १४ एप्रिलच्या दोन दिवस आधी. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० वाजता स्पीकर बंद. मध्यरात्रीपर्यंत सवलतीचे दिवस वर्षाला जास्तीत जास्त पंधरा, त्यात जयंतीचा दिवस धरलेला असतो, आमचा नव्हता. साडेसातला सुरू व्हायचं ते पाहुण्यांसाठी थांबून साडेआठला सुरू झालं. तीन भाषणं. पावणेदहाला अजून २६ नावं बाकी. मग मी माइकवर धाप लागेपर्यंत नावं वाचत सुटलो आणि माणसं शाळेच्या रांगेसारखी एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरू लागली.

मास्तरांनी पन्नास वर्षं ढोलक वाजवलं आहे. त्यांचं नाव आलं तेव्हा दहाला चार मिनिटं होती. शाल आधीच्या माणसाची होती, ती उचलून यांच्या खांद्यावर गेली. आक्कांना साडी द्यायची ठरली होती. नाव पुकारताना माझ्या तोंडून गेलं, "आपल्या दिवंगत बेंजोवादकांच्या पत्नी." बाई तेवीस वर्षं कोरसमध्ये गायली, बेंजोवाल्याशी लग्न व्हायच्या आधीपासून. ती चढली, साडी घेतली, आणि उतरताना माझ्याकडे बघून फक्त "बरं" म्हणाली. आमच्याकडे या 'बरं'ला फार अर्थ असतात.

तरी हे सगळं पोटात घालता आलं असतं. दहाला दोन मिनिटं कमी असताना दादांनी माइक घेतला आणि त्यांचं गाजलेलं धम्मदीक्षेचं गाणं सुरू केलं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. शेवटच्या कडव्यात दादांचं नाव आलं आणि पाचव्या रांगेतून एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल, अंगावर ऑफिसची साडी, खांद्याला पर्स. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "त्या जागी माझ्या बाबांचं नाव आहे."

स्पीकर बंद झाला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

वह्या

त्या ताईंचे वडील आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. गिरणीत साचेवाले. गायचे नाहीत, आवाज नव्हता. लिहायचे. १९८२च्या जानेवारीत संप लागला, गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, ते गावी गेले आणि तिकडेच वारले. आमच्या ३८ नावांत ते नव्हते. विसरलो असंही म्हणता येत नाही, ते कुणाच्या डोक्यातच आले नाहीत. जो दिसत नाही तो आठवत नाही.

शेवटच्या कडव्यातलं नाव ही काय चीज आहे ते मराठी माणसाला 'तुका म्हणे'पासून कळतं. शाहिरीत त्याला छाप म्हणतात, मुद्रा म्हणतात. गाणं तोंडातोंडी फिरतं, कागद नसतो, मग कवीने आपलं नाव ओळीच्या विणीतच घालून ठेवायचं. पठ्ठे बापूरावांच्या लावणीत ते आहे, वामनदादांच्या गाण्यांत 'वामन' आहे. कलगी-तुऱ्यात तर स्वतःबरोबर गुरूचंही नाव घेतात. हा कवीचा सातबारा. त्यावरचं नाव बदललं की जमीनच गेली.

दुसऱ्या रविवारी मी, खजिनदार आणि मंडळातली एक एम.ए. झालेली मुलगी असे तिघं ताईंकडे गेलो. त्यांनी ट्रंकेतून तीन वह्या काढल्या. दोन शाळेच्या, एक हिशेबाची लांबट. प्रत्येक गाण्यावर डाव्या कोपऱ्यात 'चाल' म्हणून एखाद्या हिंदी सिनेमाच्या गाण्याचं नाव, त्याखाली गाणं, ठिकठिकाणी खाडाखोड. वादातलं गाणं पहिल्या वहीत अकराव्या पानावर होतं. शेवटच्या कडव्यात वडिलांचं नाव, स्पष्ट.

खजिनदार संशयी माणूस, पैसे सांभाळतो म्हणून असेल. तो म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण वहीत कुणीही काहीही उतरवून घेतं. आम्ही शाळेत असताना सिनेमाची गाणी लिहायचो आणि खाली आपलं नाव टाकायचो." खरं होतं ते. मग आमच्या एम.ए. मुलीने वही उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. किंमत: २५ न. पै.

नवे पैसे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली आणि जून १९६४मध्ये 'नवे' हा शब्द गळून नुसते 'पैसे' राहिले. म्हणजे वही त्या सात वर्षांतली. पहिल्या पानांवरची एक चाल 'नागिन'मधली, तो सिनेमा १९५४चा. बीन वाजल्यासारखा तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन या विजेवरच्या वाद्यावर काढला होता आणि पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक बेंजोवाला तो काढायला बघायचा. गाणं १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेबद्दलचं. आणि दादा गावाहून मुंबईला आले १९६८ साली, हे त्यांच्याच तोंडून आम्ही शंभरदा ऐकलेलं.

तरीही पुरावा पक्का नव्हता. वही जुनी असली तरी शाई नंतरची असू शकते. तो पेच आक्कांनी सोडवला. त्यांच्याकडे मी खरं तर माफी मागायला गेलो होतो. माफीचा विषय त्यांनी चहात बुडवला आणि म्हणाल्या, "ते गाणं म्हणून दाखव." मी दादांसारखं म्हटलं.

"थांब. नावानंतर तो 'हा' कशाला आहे?"

मी पुन्हा म्हटलं. दादांच्या नावानंतर खरंच एक 'हा' येतो. अमुक 'हा' सांगे, असा. आजवर कानाला तो ठेक्याचा भाग वाटायचा.

"बाकीच्या कडव्यांत कुठे असला 'हा' आहे?" नव्हता. "तुझ्या दादाचं नाव तोकडं पडतं. मूळ नाव लांब होतं. चादर लहान पडली म्हणून पायाशी गोधडी लावलीय. आम्ही मागे बसून तो 'हा' गिळून टाकायचो, बरं दिसायचं नाही."

घरी येऊन मी मात्रा मोजल्या. ताईंच्या वडिलांच्या नावाच्या सहा. दादांच्या नावाच्या चार, आणि 'हा'च्या दोन. शाळेत मराठीच्या बाईंनी मात्रागणवृत्तं घोकून घेतली त्याचा आयुष्यात एवढा एकच उपयोग झाला, पण चांगला झाला.

दादांची बाजू

मंडळात दोन तट पडले. तरुणांचं म्हणणं, दादांचा सन्मान परत घ्या. म्हाताऱ्यांचं म्हणणं, झाकली मूठ राहू द्या. मला दोन्ही पटत नव्हतं. मी दादांकडे एकटाच गेलो. वह्यांचे फोटो मोबाइलवर दाखवले. त्यांनी चष्मा शोधण्यात बराच वेळ काढला.

मग जे सांगितलं ते असं. कॅसेट साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. रेकॉर्डिंगवाल्याला एका बाजूला पाच गाणी हवी होती. गाणी सात-सात मिनिटांची. त्याने सरळ शेवटची कडवी उडवली. "नाव मी काढलं नाही, कडवंच गेलं." वेष्टनावर दादांचा फोटो मोठा आणि कवी म्हणून कुणाचंच नाव नाही. मग कॅसेट चालली आणि लोक गाणं दादांचं म्हणून ओळखायला लागले. त्यानंतर एका सामन्यात समोरच्या पार्टीने सवाल टाकला: गाणं कुणाचं? छाप कुठेय? "दोन हजार माणूस समोर. कवी गावाला. काय सांगू, दुसऱ्याचं गातो? त्या रात्री तोंडातून माझं नाव गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं. मग ते तसंच बसलं."

मी हे खरं धरलं. अर्धं खरं धरलं असं म्हणा. पहिल्या रात्रीला माफी आहे. पुढच्या चाळीस वर्षांना कशी द्यायची ते मला कळत नाही. पण एक गोष्ट दादांच्या पदरात टाकायलाच हवी: ते नसते तर ते गाणं वहीच्या अकराव्या पानावर राहिलं असतं. पेशवाईच्या अखेरीला होनाजी शिलारखाने लिहायचा आणि बाळा करंजकर गायचा. लोकांनी दोघांचं मिळून एकच नाव केलं, होनाजी बाळा. दोनशे वर्षांपूर्वी जे सुचलं ते कॅसेटच्या काळात का सुचलं नाही, हा प्रश्न आहे खरा. मला वाटतं वेष्टन आणि त्याच्यावरचा फोटो हेच उत्तर. फोटोत एकच माणूस मावतो.

पुढच्या बैठकीत मी एक प्रयोग केला. विचारलं, "पाऊले चालती पंढरीची वाट" कुणाचं? सगळे एका सुरात: प्रल्हाद शिंदे. लिहिलं कुणी? शांतता. चाल? त्याहून शांतता. लिहिलंय दत्ता पाटलांनी, संगीत मधुकर पाठकांचं. भीमगीतांपासून विठ्ठलगीतांपर्यंत गाजलेला तो आवाज इतका मोठा की त्याच्या सावलीत दोन माणसं गडप झाली, यात शिंद्यांचा काही दोष नाही. मी तिथेच म्हटलं, आपल्या ३८ नावांची यादी अशीच केलेली आहे. ज्यांचा आवाज ऐकू आला ते वर.

एकाने कायद्याचं विचारलं. १९५७चा कॉपीराइट कायदा आहे. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे, आणि 'हे मी लिहिलं' असं म्हणवून घेण्याचा अधिकार कलम ५७खाली वेगळाच, हक्क विकले तरी तो जात नाही. ताईंना विचारलं, काही दावा करायचाय का. त्या म्हणाल्या, "पैसे कुणाला मिळाले होते त्यातून? मला नाव पाहिजे." विषय तिथे संपला.

पुन्हा एकदा

दुसरा कार्यक्रम करायचा ठरलं, पण आधी एक कागद तयार करायचा. वह्या, कॅसेटी आणि आक्कांची आठवण यांतून निघालेलं प्रत्येक गाणं घ्यायचं आणि त्याच्यापुढे चार रकाने: कुणी लिहिलं, चाल कुठली, कुणी गायलं, साथीला कोण. हे काम दोन महिने चाललं आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत आवडलं. रविवारी दुपारी आक्कांच्या खोलीत बसायचं, एम.ए. मुलगी लॅपटॉपवर, मास्तर मांडीवर ढोलक घेऊन. आक्का गाणं म्हणायच्या, मास्तर डोळे मिटून वाजवायचे आणि मधेच सांगायचे, "हा ठेका मी नाय बसवला. हा आधीचा. माझ्याआधी भायखळ्याचा एक होता, त्याचा." हाताला आठवत होतं ते तोंडाला आठवत नव्हतं. नुसतं विचारलं तर मास्तर "आता काय सांगू" म्हणून हसायचे. ढोलक हातात आलं की नावं, वर्षं, कुठल्या मैदानात किती वाजता पाऊस आला, सगळं बाहेर.

पैशांची वाटणीही त्यातूनच कळली. सुपारीतून टेम्पो आणि चहापाणी वजा करून उरेल त्याचे वाटे: पेटीचे दोन, ढोलकाचा दीड, बेंजोचा एक, कोरसचा अर्धा. पुरुष कोरसचा अर्धा, बाईचा पाव, कारण "ती नवऱ्याबरोबरच येते". आक्कांनी हे सांगताना आवाज चढवला नाही. कागदावर पाचवा रकाना करावा का, यावर आम्ही बोललो. केला नाही. आता वाटतं करायला हवा होता.

बऱ्याच गाण्यांपुढे पहिला रकाना कोराच राहिला. तिथे अंदाजाने नाव घालायचं नाही असं ठरवलं.

दुसरा कार्यक्रम बुद्धविहाराच्या हॉलमध्ये, रविवारी चार वाजता. मंच नाही, पाहुणे नाहीत, सगळे सतरंजीवर. ३८ची यादी १९वर आली होती, त्यात सात नावं नवी. तालमीला खोली देणारे गृहस्थ गळले, त्यांचा फोन आला, तो प्रसंग इथे नको. ट्रॉफ्या नाहीत. शालीही नकोत असं मी सुचवलं होतं, शाल-नारळाला मी फार नावं ठेवत होतो तेव्हा. मास्तर म्हणाले, "शाल द्या हो. डिसेंबरात चैत्यभूमीला रात्रभर बसायचं तर लागते." शाली आणल्या. यावेळी मोजून.

पद्धत अशी ठेवली की माणसाचं नाव पुकारायचं नाही, गाणं पुकारायचं. गाण्याबरोबर त्याचे चार रकाने मोठ्याने वाचायचे आणि ज्यांची नावं आली त्यांनी पुढे येऊन तेच गाणं करायचं, निदान एक कडवं. जे हयात नाहीत त्यांच्या घरचं कुणी येऊन बसेल. आवाज फुटले, एकाचा बेंजो सुरात लागेना, त्याने सतरंजीवरच तारा पिळायला घेतल्या आणि दहा मिनिटं गेली. कुणी उठलं नाही.

धम्मदीक्षेचं गाणं शेवटी होतं. एम.ए. मुलीने वाचलं: लिहिलं कुणी, आणि ताईंच्या वडिलांचं पूर्ण नाव. ताई पुढे येऊन बसल्या, मांडीवर ती २५ नव्या पैशांची वही. गायलं कुणी, दादा. दादा आले नव्हते असंच मला वाटत होतं. ते दाराजवळ चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते, कधी आले ते दिसलं नाही. उठून पुढे आले, पेटी ओढून घेतली, भाता दोनदा रिकामाच हलवला. गाणं आक्कांनी उचललं, त्यांनी धरलं.

शेवटच्या कडव्याला हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी कुठल्या भाषणात अनुभवलेली नाही. दादांनी डोळे मिटले आणि सहा मात्रांचं ते नाव पूर्ण घेतलं. आणि त्याच्यामागोमाग, चाळीस वर्षांच्या सवयीने, 'हा' आलाच. ओळ दोन मात्रांनी लांबली, मास्तरांची सम हुकली, कोरस भलतीकडेच गेला. क्षणभर कुणाला काय करावं कळेना. मग आक्का फिस्सकन हसल्या. त्यांच्या पाठोपाठ ताई हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. दादा पेटीवर हात तसेच ठेवून म्हणाले, "पुन्हा घेतो." दुसऱ्यांदा बरोबर आलं.

कागदपत्रं

सन्मानपत्रांचं मात्र सांगायला हवं, कारण दुसऱ्या मंडळांना याचाच उपयोग आहे. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. वय पन्नासच्या वर हवं, २०२४पासून सरसकट महिना ५,००० रुपये. उत्पन्नाचा दाखला, आधार वगैरे लागतंच, पण खरी अडचण कलेच्या पुराव्याची. मास्तरांसारख्या माणसाकडे काय पुरावा असणार? हँडबिलावर गायकाचं नाव, पेपरात पाहुण्यांचा फोटो. पहिल्या कार्यक्रमातलं माझं सन्मानपत्र घेऊन ते आधीच एकदा जाऊन आले होते. टेबलामागच्या माणसाने वाचलं आणि विचारलं, "कलेची अविरत सेवा म्हणजे नक्की काय करता तुम्ही?"

प्रश्न अगदी रास्त होता. माझ्या मजकुरात ना वाद्य होतं, ना वर्ष, ना ठिकाण. दुसऱ्या खेपेची सन्मानपत्रं म्हणून प्रत्येकाची वेगळी लिहिली, रकान्यांतून उचलून: कुठल्या सालापासून, कुठल्या पार्टीत, कुठलं वाद्य, कुठली गाणी, कुठल्या ठिकाणी. दिसायला अगदी रुक्ष. आक्कांच्या पत्रात मी 'कोरस' लिहिलं होतं, त्यांनी खोडायला लावून 'गायिका' करून घेतलं. 'पत्नी' हा शब्द कुठेच नाही, तो मी तीनदा तपासला.

मास्तरांबरोबर यावेळी मी स्वतः गेलो. सन्मानपत्र, मंडळाच्या लेटरहेडवरचं पत्र, जुना फोटो ज्यात त्यांचा अर्धा चेहरा गायकाच्या खांद्यामागे आहे. तोच टेबलामागचा माणूस. यावेळी त्याने सगळं नीट वाचलं, मान हलवली आणि मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"इथे ढोलक लिहिलंय, इथे ढोलकी. एक काय ते ठरवून आणा."

चूक माझीच. मी कागद गोळा करायला लागलो. मास्तरांनी शालीचा पदर सारखा केला आणि त्याला म्हणाले, "साहेब, दोन्ही वाजवतो. दोन्ही लिहा."